नवा कागद, जुनं पोट

पुठ्ठ्यात बाण नीट बसला की ‘ठप्’ असा आवाज येतो. पुठ्ठा आतून मऊ पडला असेल तर ‘फस्’ येतो. हा फरक आमच्या घरात सगळ्यात आधी मला कळायला लागला, आणि कळूनही एकदा मी गप्प बसलो. सांगायला जड जातं. माझा स्वभावच असा, की दुसऱ्याची चूक दिसली की तोंड सुटतं आणि स्वतःची असली की घसा बसतो.

मी शहराच्या कडेला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे. अमरावती रोडवरून ट्रक आत येतात, माल उतरतो, माल चढतो, आणि मी मधे उभा राहून ओरडतो. घर तिथून पायी दहा मिनिटांवर, गोदामांच्या मागच्या वस्तीत. घराला लागून एक लांबट रिकामा प्लॉट आहे. मालक बाहेरगावी असतो. साफसूफ ठेवा आणि वापरा, म्हणाला. त्या प्लॉटमध्ये माझी मुलगी धनुष्यबाणाचा सराव करते.

सतरा वर्षांची आहे. शाळेतल्या एका शिबिरात तिनं पहिल्यांदा धनुष्य धरलं आणि त्यानंतर दुसऱ्या कशात तिचा जीव रमला नाही. शिकवणारे सर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याच्या पुढं. दोन बस बदलून जायचं, म्हणून फक्त रविवारी. सर म्हणाले, “रविवारी शिकलेलं घरी रोज घोटलं नाही तर पुढच्या रविवारपर्यंत उडून जाते. घरी टार्गेट बनवा.” त्यांच्याकडचं एक जुनं धनुष्य आणि डझनभर बाण त्यांनी घरी न्यायला दिले. टार्गेट आम्हालाच करायचं होतं.

मी म्हटलं, हात्तिच्या! गोदामात आख्खा जन्म भंगारात चालला आहे आपला. दुपारपर्यंत करतो.

पहिलं टार्गेट म्हणजे बारदान्याचं पोतं, आत चिंध्या आणि पॅकिंगचं प्लास्टिक कोंबून. बाण गेला तो पिसांसकट आत. ओढून काढला तर पिसं आतच राहिली आणि नुसती काडी हातात आली. मुलगी रडकुंडीला. मग मी ट्रकच्या झिजलेल्या टायरचा पट्टा कापून फळीवर ठोकला. टायरला कोण फाडतो, असा माझा हिशेब. तिनं चार पावलांवरून एक बाण मारून पाहिला. तो आपटला आणि उलटा फिरून तिच्या कानाजवळून सूंऽऽ करत मागं गेला. मी मटकन खालीच बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या हातातून परात पडली, आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात जी भीती बसली ती उठलीच नाही.

तिसऱ्यांदा जमलं. फाटके, भिजलेले खोके गोदामात रोज फेकले जातात. ते उलगडायचे, सुकवायचे, हातभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि एकावर एक रचायच्या. वहीच्या पानांसारखा गठ्ठा. खाली आणि वर मोडक्या पॅलेटच्या जाड फळ्या. दोन्ही बाजूंना आटे पाडलेल्या लोखंडी सळया, आणि वरून नट पान्यानं आवळायचे, इतके की नख शिरू नये. बाण दोन थरांच्या मधे घुसतो आणि तिथंच दाबून धरला जातो. पहिला बाण बसला, ठप्! तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला गोदामाचा मालक झाल्यासारखं वाटलं.

पण त्या टार्गेटमध्ये एक खोड होती. पोरगी जसजशी चांगली मारायला लागली तसतसं टार्गेट लवकर खराब व्हायला लागलं. नवखा माणूस चहूकडं मारतो, पुठ्ठा सारखा झिजतो. हिचे बाण एकाच जागी, मधोमध. तिथले थर पिठासारखे व्हायचे. त्याला आम्ही म्हणायचो, पोट मऊ पडलं. मग मी नट सैल करायचो, मधले थर काढून फेकायचो, नवे घालायचो, पुन्हा आवळायचो. हे झालं की बायको नवा कागद रंगवायची. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, त्यावर वाटीनं, ताटलीनं, परातीनं काढलेली वर्तुळं, मधे पिवळं. खळ लावून तो मी चिकटवायचो. पोट बदललं तरच कागद बदलायचा, नाही तर फाटकाच राहू द्यायचा, हा आमच्या घरचा कायदा. नवा कागद दिसला की पोरीनं बिनघोर मारायचं.

आता मागची बाजू. टार्गेटच्या मागं आमच्या प्लॉटचं कुंपण आहे, गोदामातून काढलेल्या जुन्या पत्र्यांचं. त्याच्या पलीकडे गल्ली, आणि गल्लीपलीकडे एक मोठा कडुलिंब. हमाल, दूध आणायला निघालेल्या बाया, सायकली, सगळे त्या गल्लीतून. पत्रा आहे म्हणून मी निश्चिंत होतो. बायको नव्हती.

“पत्रा गंजला न, अवो. बोटानं दाबा, पापडासारखा मोडते.”

“बाण पत्र्यापर्यंत जाईन तेव्हा न! माह्या टार्गेटवर भरोसा नाही का तुले?”

“टार्गेटवर आहे. तुमच्यावर नाही.”

झालं. रोज संध्याकाळी पोरगी धनुष्य काढायची, आणि ही गोदामाच्या चौकीदाराची जुनी शिट्टी गळ्यात अडकवून मागच्या गल्लीत. एक शिट्टी म्हणजे थांब, कोणी येऊन राहिलं. दोन म्हणजे रस्ता मोकळा. टार्गेटच्या सरळ रेषेत उभी राहायची नाही, सहा पावलं बाजूला, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दोन वर्षं तिनं हे केलं. थंडीत शाल गुंडाळून, उन्हात पदर डोक्यावर घेऊन. म्हणजे झालं काय, की ज्या कागदावर ती वर्तुळं रंगवायची त्यावर बाण बसताना तिनं कधी पाहिलाच नाही. पोरीचं धनुष्य ताणणं, श्वास धरणं, सोडणं, काही नाही. कुंपणामागून नुसतं ठप् ऐकायची. रात्री जेवताना पोरीला विचारायची, “आज सातवा कुठं गेला गं? आवाज जरा वेगळा वाटला.” आणि तो सातवा खरंच कडेला गेलेला असायचा.

गेल्या दसऱ्याच्या आधी सरांनी सांगितलं, निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली, रोज साठ बाण मारले पाहिजेत. पोरगी मारत सुटली. माझ्याकडे गोदामात सणाचा माल. सकाळी गेलो की दिवे लागेपर्यंत घर दिसायचं नाही. अष्टमीला जरा लवकर आलो, प्लॉटच्या फाटकातच होतो, आणि ऐकलं. फस्.

पुन्हा. फस्.

कळलं मला. अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, उद्या करू.

आणि उद्या होती खांडेनवमी. आमच्याकडे नवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळा, सुरी, कात्री, माझी अवजारांची पेटी. पोरीनं धनुष्य आणि सगळे बाण ठेवले. टार्गेटही पूजेला हवं, असा तिचाच हट्ट. आणि सकाळी मी आंघोळ करून बाहेर येतो तर माझा पाना देवापुढं हळदीकुंकू लावून बसलेला! पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हे मीच लहानपणापासून सगळ्यांना दरडावत आलेलो. आता कोणत्या तोंडानं उचलू? पान्याशिवाय नट फिरत नाही, आणि नट फिरल्याशिवाय पोट बदलत नाही.

त्यात बायकोनं नवा कागद रंगवून पुढं केला. “पूजेले फाटका कागद बरा दिसते का? हा लावून द्या.”

मी लावला. खळ पसरली, सुरकुत्या काढल्या, चारी कोपरे दाबले. पिवळा रंग झगझगीत. त्यावर तिनं हळदीची बोटं उमटवली, झेंडूची माळ घातली. मग सहज, जाता जाता विचारलं, “पोट बदललं न?”

“हो हो, झालं.”

तीन शब्द. काहून म्हटलं? हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. बदललं नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग कागद काहून लावला, काल काहून नाही केलं, आणि सणाच्या दिवशी मला कटकट नको होती. एवढंच कारण. गोदामात फुटक्या खोक्यावर नवं लेबल लावलं म्हणून मी एका हमालाला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो होतो. घरी तेच केलं आणि वर आरती म्हटली. मनात मात्र ठरवून ठेवलं होतं, उद्या पूजा झाली की आधी पाना उचलायचा.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. पाना मी उचललाही. तेवढ्यात गोदामातून फोन आला, ट्रकची कसली तरी भानगड. मी अंगणात येरझारा घालत फोनवर ओरडत होतो. पोरगी धनुष्य घेऊन प्लॉटमध्ये गेली, कारण कागद नवा होता. बायको शिट्टी घेऊन गल्लीत गेली, कारण मी झालं म्हटलं होतं. मागून दोन शिट्ट्या ऐकू आल्या. रस्ता मोकळा. फोनवर बोलता बोलता माझ्या डोक्यात आलं, अरे, थांबव तिला. हात वर केला. “थांब वं...” म्हणेपर्यंत दोरी सुटल्याचा आवाज आला.

त्यानंतर काहीच आवाज नाही. ठप् नाही, फस् नाही. पत्रा किंचित टिणकन वाजला, बस्स.

पोरगी धनुष्य धरून तशीच उभी. कागदाच्या पिवळ्यात मधोमध छोटंसं भोक, आणि बाण नाही. आम्ही दोघांनी एकदमच हाक मारली. ती “आई!” म्हणाली. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही.

प्लॉटमधून गल्लीत जायला घराला वळसा पडतो. तो वळसा मी कसा धावलो, देवाला ठाऊक. चप्पल एक तिथं, एक इथं. मनात एकच, रेषेत नसेल, सहा पावलं बाजूला असेल, तिनं कबूल केलं आहे. कोपऱ्यावर वळलो तर बायको बरोबर रेषेत उभी. समोर शेजारच्या म्हाताऱ्या काकू, हातात आपट्याची पानं. काकू विचारत होत्या, “अवं, काय गेलं वं हे कानाजवळून? पाखरू होतं का?”

“हो न काकू,” बायको म्हणाली. “पाखरूच.”

काय झालं होतं ते तिनं मला नंतर सांगितलं. दोन शिट्ट्या दिल्या आणि पलीकडच्या घरातून काकू अचानक बाहेर पडल्या, दसऱ्याचं सोनं द्यायला. ही त्यांना अडवायला धावली, घाईत थांबायची शिट्टी द्यायची राहून गेली. दोघी मधेच भेटल्या. काकूंनी पानं पुढं केली, “घे वं, सोनं घे.” आता सोनं घेतल्यावर मोठ्यांच्या पाया पडायला नको का? शिट्टी तोंडातून काढली आणि वाकली. वाकलेली असताना पाठीवरून काहीतरी गेलं. वारा लागला, म्हणाली.

बाण कडुलिंबाच्या खोडात बसला होता. माझ्या छातीइतक्या उंचीवर. म्हणजे तिच्या गळ्याइतक्या. तिनं तो दोन्ही हातांनी हलवून हलवून काढला, पदराखाली घेतला आणि दात आवळून मला म्हणाली, “पोरीले काही बोलायचं नाही. आठ दिवसांवर निवड आहे. तिचा नेम बिघडला तर संपलं सगळं.”

घरी येऊन ती हसत म्हणाली, “गवतात पडला होता, घे.” पोरीनं बाण घेतला. टोकाजवळ बोट फिरवलं. तिथं झाडाची साल अडकली होती, ओली, हिरवी. तिनं ती नखानं काढली, बाण पुसून ठेवला, धनुष्याची दोरी उतरवली आणि आत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली डोकं दुखून राहिलं. तिसऱ्या दिवशी खांदा. मी टार्गेट उघडलं तेव्हा मधल्या भोकात माझा हात कोपरापर्यंत गेला. आतून पोकळ. सुक्या पुठ्ठ्याचा नवा ढीग आणला, सगळंच्या सगळं नव्यानं रचलं. पट्टी कापताना दोनदा बोट कापून घेतलं. नट आवळले, पुन्हा आवळले, सकाळी उठून तिसऱ्यांदा आवळले. पण मारायला कोणीच नव्हतं. धनुष्य कपाटावर. निवडीला पाच दिवस उरले, मग चार.

बायको पोळ्या लाटताना अचानक थांबायची आणि मानेवरून हात फिरवायची. चौथ्या दिवशी दुपारी पोरगी आईला म्हणताना ऐकलं, “आई, मले नाही जमत वं. मी दोरी जास्तच ओढली असन. माह्या हातानं तू...” ती सगळं समजून बसली होती, फक्त उलटं. चूक तिची आहे असं धरून बसली होती.

मी दारातच होतो. अजूनही गप्प बसता आलं असतं. खरं सांगतो, एक क्षण तेही मनात आलं.

“तुही चूक नाही बेटा,” मी म्हटलं. “पोट बदललं नव्हतं मी. नुसता कागद लावला होता.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी विचारलं होतं तुम्हाले,” एवढंच म्हणाली. “तुम्ही झालं म्हटलं.”

“हो. खोटं बोललो.”

“काहून?”

एरवी चाळीस माणसांसमोर माझा आवाज चढतो, त्या दिवशी दोन बायांसमोर मी मान खाली घालून उभा होतो. पोरगी रडली, मग तोंड धुऊन आली. संध्याकाळी खुर्चीवर चढून तिनं कपाटावरचं धनुष्य काढलं. दोरी चढवताना माझ्याकडे न बघता बोलली.

“नवं टार्गेट पक्कं आहे?”

“पक्कं आहे.”

“मग आई आता माह्यापाशी उभी राहीन. मागं तुम्ही जा, बाबा.”

बायकोनं गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती गळ्यात अडकवली.

गल्ली मला रोजचीच, पण त्या संध्याकाळी ती अनोळखी वाटली. पत्र्याला एक भोक, करंगळीएवढं, कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. समोर कडुलिंबाच्या खोडावर तसंच एक. दोन भोकांच्या मधे उभं राहून पाहिलं तर एक माझ्या पाठीशी आणि एक माझ्या छातीसमोर. सहा पावलं मोजून बाजूला झालो. मग वाटलं, हे सहा पावलं बाजूला कशाला? टार्गेट पक्कं आहे असं मीच म्हटलं ना? परत फिरलो आणि रेषेत येऊन उभा राहिलो. शहाणपणाचं नव्हतं ते, बायकोला कळलं असतं तर तिनं मला फाडून खाल्लं असतं. गल्लीची दोन्ही टोकं पाहिली. कोणी नव्हतं. शिट्टी तोंडात धरली, पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. मग कशीबशी दोनदा वाजवली.

नट किती फिरवले होते, ते आठवायला लागलो. डावीकडचा नीट बसला होता का? मधले थर ओले तर नव्हते? खालची फळी कुठं तडकलेली तर नव्हती? एवढा वेळ का लावून राहिली ही? दोन वर्षं बायको रोज इथं उभी राहून हेच करत होती, बाणामागून बाण, माझ्या भरवशावर. मी डोळे मिटले.

कुंपणापलीकडून बायकोचा आवाज आला, हलका, कोणाशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा. “अगं माय... अशी ओढते का ही!”

आणि मग, ठप्.